संचार साथी अ‍ॅप: सहा महिने वापरल्यावर एका जुन्या ट्रंक ऑपरेटरचं मत

संचार साथी म्हणजे मोबाइलवरची फसवणूक रोखायला दूरसंचार खात्यानं काढलेलं अ‍ॅप. माझे त्याला पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे कापला ते ओघात येईलच, पण आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं मत कुठल्या कानानं ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

1977 साली मी इंदूरच्या ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे कॉल हातानं जोडून देणाऱ्या केंद्रात, लागले. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, एका हातात कॉर्ड, दुसऱ्या हातात पेन्सिल. लोक 180 फिरवून कॉल बुक करायचे, आम्ही तिकीट लिहायचो, ते फोन ठेवायचे आणि लाइन मिळाली की आम्ही त्यांना उलट फोन लावायचो. कॉलचे तीन प्रकार: ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" मयताची बातमी असो की मुलगी पसंत पडल्याची, तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. पुढे एसटीडी आलं, बोर्ड गेले, आम्हाला चौकशीच्या खिडकीवर बसवलं, पण कान तोच राहिला. माणूस खरं बोलतोय की पाठ केलेलं म्हणतोय, हे मला तिसऱ्या वाक्याला कळतं. निदान कळतं असं मी समजत होते.

डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला हे अ‍ॅप एकदम सगळ्यांच्या तोंडी आलं. प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ते आधीच घालून विकायचं असा दूरसंचार खात्याचा आदेश निघाला, त्यावर गदारोळ झाला आणि 3 डिसेंबरला तो मागेही घेतला. सकाळी नेहरू पार्कात फिरायला येणाऱ्या आमच्या बायकांत दोन तट पडले. एक म्हणे, सरकार आपलं बोलणं ऐकणार. दुसरी म्हणे, ऐकू दे, सुनेच्या तक्रारींशिवाय आहे काय आपल्याकडे! मी स्वतः इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लाइनवर बसलेली बाई. लाइनवर कुणाचा कान असणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, म्हणून पहिलीला मी वेडं म्हटलं नाही. पण उत्सुकताही वाटली. घरी येऊन नातवाकडून अ‍ॅप टाकून घेतलं.

नवं असं त्यात फारसं नव्हतं. वेबसाइट मे 2023 पासून आहे, अ‍ॅप जानेवारी 2025 पासून. मला आणि रामबागेतल्या निम्म्या लोकांना ते गोंधळामुळे कळलं, एवढंच. अँड्रॉइडवर ते कॉलची नोंद, मेसेज, कॅमेरा अशा परवानग्या मागतं. इथे माझा पहिला अर्धा तारा गेला. कारणं पटण्यासारखी असतीलही, पण माझ्या वयाच्या माणसाला आम्हीच दिवसरात्र बजावतो की कुणी परवानगी मागितली तर आधी थांबा, आणि मग हे पहिल्याच पानावर चार परवानग्या मागतं. ज्यांना हे नको वाटेल त्यांनी अ‍ॅप टाकू नये. बहुतेक कामं वेबसाइटवर आपला नंबर आणि ओटीपी घालून होतात. आणि टाकायचंच तर फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच टाका. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर "संचार साथी की नयी लिंक" पाठवली तर त्या लिंकला हात लावायचा नाही.

आता यातलं मला सगळ्यात आवडलेलं काम. आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत त्याची यादी ते दाखवतं. नियमानं एका माणसाच्या नावावर नऊ सिम असू शकतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत सहा). मला वाटलं होतं, माझ्या नावावर दोन. निघाले चार! एक माझा, एक यांचा जुना, जो ते गेल्यावरही मी बंद केला नाही. का नाही केला ते इथे लिहीत नाही. तिसऱ्यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग आठवलं, धाकटा अमेरिकेहून आला होता तेव्हा महिन्याभरासाठी माझ्या आधारवर त्याला सिम घेऊन दिलं होतं. आणि चौथा? चौथा माझ्या बापजन्मात पाहिलेला नव्हता. कधीतरी बाजारात रस्त्यावर छत्री लावून बसलेल्या मुलाकडे आधारची झेरॉक्स दिली होती आणि अंगठा दोनदा लावून घेतला होता, "आंटी, पहले वाला आया नहीं." आला असणार पहिलाच. अंगठा दोनदा मागितला की दुसऱ्यांदा देण्याआधी स्क्रीन पाहावी, हे आता मी सगळ्यांना सांगते.

प्रत्येक नंबरासमोर तीन पर्याय असतात: हा माझा नंबर नाही, हा आता नको, हा हवा. चौथ्याला "माझा नाही" दाबलं, रेफरन्स नंबर मिळाला, आणि काही दिवसांनी पाहिलं तर तो यादीतून गेला होता. माझ्या नावाच्या सिमवरून कुणी कुणाला लुबाडलं असतं तर पोलीस पहिले माझ्या दारात आले असते. या एका सोयीला पूर्ण दोन तारे.

दुसरी सोय "चक्षू". संशयास्पद कॉल, मेसेज, व्हॉट्सअ‍ॅप आला की तिथे कळवायचं. नाव संस्कृत आणि सुंदर आहे, पण मी असते तर "कान" ठेवलं असतं. लोक फसतात ते कानातून. तिथे प्रकारांची यादी आहे: केवायसीच्या नावानं, वीज-गॅसच्या नावानं, सरकारी अधिकारी किंवा नातेवाईक बनून, खोटं कस्टमर केअर, नोकरी, लॉटरी, कर्ज, घातक लिंक. ती यादीच जाऊबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बाई, यातले पाच तर मला येऊन गेले."

मला आलेला सांगते. दुपारची वेळ. आधी रेकॉर्ड केलेला आवाज: ट्रायकडून (म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडून) बोलतोय, दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होणार, अधिक माहितीसाठी 9 दाबा. ट्राय कुणाचे नंबर बंद करायला फोन करत नाही हे मला नोकरीमुळे माहीत होतं, तरी दाबला. मला ऐकायचं होतं. मग एक मुलगा आला, त्यानं मला "वरिष्ठ अधिकारी" जोडून दिले. मुंबई क्राइम ब्रांच. माझ्या आधारवर मुंबईत सिम, त्यावरून घाणेरडे मेसेज, आणि मनी लाँडरिंग. मागे वॉकीटॉकीची खरखर चालू होती. दर वीस-बावीस सेकंदांनी तीच खरखर, तोच शब्द, तोच चढउतार. कॅसेट उलटीसुलटी फिरतेय. आणि त्याच्याही मागे, जरा दूर, दुसरा एक जण दुसऱ्या कुणाला तेच वाक्य म्हणत होता, "मॅडम, आप कोऑपरेट कीजिए." बोर्डवर आम्ही वीस जणी एकाच खोलीत बोलायचो. त्या खोलीचा आवाज मी ओळखते.

मी म्हटलं, "साहेब, मुंबईचे ना तुम्ही? मग मराठीत बोला की. मी इंदूरची असले तरी मराठीच आहे."

गप्प. मग म्हणाला, "मॅडम, ये नॅशनल मॅटर है, हिंदी में ही चलेगा." मी म्हटलं, "पंचनामा तरी मराठीत होतो की नाही तुमच्याकडे?" फोन कट. एरवी मी इतकी हजरजबाबी नाही, त्या दिवशी सुचलं. ही युक्ती सरसकट चालेल असंही नाही, मराठी येणारे चोरही असतातच. नंबर चक्षूवर टाकला. कॉल किंवा मेसेज गेल्या तीस दिवसांतला हवा, स्क्रीनशॉट जोडता येतो, दोन मिनिटांचं काम. तो नंबर +91 नं सुरू होणारा, अगदी इथलाच वाटणारा होता. परदेशातून आलेला कॉल इथला भासवण्याची ही जुनी चलाखी आहे. ती अडवायला ऑक्टोबर 2024 मध्ये खात्यानं एक यंत्रणा बसवली, आणि पहिल्या 24 तासांत असे सुमारे 1.35 कोटी कॉल पकडले गेले. आकडा वाचून मी चष्मा पुसला. आमच्या वेळी परदेशाचा कॉल मुंबईवरून यायचा आणि त्या दिवशी एक्स्चेंजमध्ये त्याची चर्चा व्हायची.

इथवर मी स्वतःवर खूश होते. मग भाऊजींचं झालं.

माझे धाकटे दीर, सुदामा नगरात राहतात, शिक्षक म्हणून निवृत्त. कायद्यात "डिजिटल अरेस्ट", म्हणजे व्हिडिओ कॉलवर अटक, असं काहीही नाही, हे त्यांना माहीत होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी "मन की बात"मध्ये सांगितलं, अमिताभ बच्चनची कॉलर ट्यून महिनोन्महिने वाजली, आणि भाऊजी ती ट्यून ऐकून आम्हाला व्याख्यान द्यायचे. सोमवारी सकाळी मी त्यांना फोन करते, हा आमचा नेम. त्या सोमवारी लागेना. घरच्या नंबरवर जाऊबाई म्हणाल्या, "ते मीटिंगमध्ये आहेत." निवृत्त माणसाची कसली मीटिंग? आणि जाऊबाईंचा आवाज कागदावरून वाचल्यासारखा. मी विचारलं, "पोहे झाले का?" त्या म्हणाल्या, "नाही." सकाळचे साडेदहा वाजले होते. इंदुरात साडेदहापर्यंत ज्या घरात पोहे झाले नाहीत तिथे काहीतरी बिघडलंय. मी रिक्षा केली.

खोलीचं दार लोटलं तर भाऊजी टेबलापाशी ताठ बसलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. मोबाइल पुस्तकांच्या ढिगाला टेकवलेला, पडद्यावर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. शनिवारपासून ते असेच बसले होते. रात्री फोन चार्जिंगला लावून कॅमेरा चालू ठेवून झोपायचं, बायकोशिवाय कुणाशी बोलायचं नाही, तिनंही कुणाला सांगायचं नाही, नाहीतर मुलाचा पासपोर्ट जप्त. शनिवारी बँकेत जाऊन एफडी मोडून 2 लाख 90 हजार "पडताळणी खात्यात" भरले होते. काउंटरवरच्या मुलीनं विचारलंही, काका एवढे पैसे कशाला? उत्तर त्यांना आधीच पढवलेलं होतं: प्लॉट घेतोय. आणि त्या सोमवारी दहाला बँक उघडल्या उघडल्या आणखी 1 लाख 90 हजार. मी पोचले तेव्हा ते नुकतेच परत येऊन बसले होते.

भाऊजींनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली, बाहेर जा म्हणून. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. मी पुढे जाऊन मोबाइल उचलला. पडद्यावरचा माणूस ओरडला, "कौन हैं आप? ये ऑफिशियल प्रोसिडिंग है!" आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोलले नाही. म्हटलं, "तीन मिनिटं झाली. वाढवून मिळणार नाही." आणि लाल बटण दाबलं.

पुढचा भाग अ‍ॅपचा नाही, पण अ‍ॅपबद्दल बोलताना सांगावाच लागेल, कारण लोक इथेच गफलत करतात. चक्षू पैसे गेल्यावरची जागा नाही. पैसे गेले असतील तर 1930 ला फोन करा किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर जा, असं तिथेच लिहिलेलं आहे. पण घाबरलेला माणूस वाचत नाही. ते पहिल्या पानावर, मोठ्या लाल अक्षरांत, सगळ्यात वर पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. उरलेला एक तारा मी याच्यासाठी कापलाय.

1930 मी लावला. तिथे काय विचारतात ते लिहून ठेवा, कारण त्या क्षणी शोधाशोध करायला हात थरथरतात: आपला मोबाइल नंबर, आपलं बँक खातं, कोणत्या खात्यात पैसे गेले, रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहाराचा नंबर. आरटीजीएसनं, म्हणजे बँकेतून मोठी रक्कम पाठवायच्या पद्धतीनं, पैसे गेले की या व्यवहाराच्या नंबराला यूटीआर म्हणतात, तो बावीस अक्षरांचा असतो. भाऊजींना तो वाचता येईना, अक्षरं पुढे-मागे होत होती. मी पावती हातात घेतली आणि बोर्डवर वाचायचे तसा एकेक अंक तोडून वाचला, झीरोला झीरो आणि ओला ओ. पलीकडचा पोलीस म्हणाला, "मॅडम, आप क्या टेलिफोन में थीं?" त्या सकाळी तेवढंच एकदा हसू आलं.

घाई का करायची, तर ते पैसे एका खात्यात थांबत नाहीत. कुणाची तरी भाड्यानं घेतलेली खाती असतात, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौघांत, आणि मग रोख काढली जाते. तक्रार गेली की बँका एकमेकींना कळवून, पैसे ज्या खात्यात पोचले असतील तिथेच ते धरून ठेवतात. शनिवारचे 2 लाख 90 हजार तोवर फुटून गेले होते. सोमवारचे 1 लाख 90 हजार दुसऱ्याच खात्यात सापडले आणि धरले गेले. ते परत हातात यायला कोर्टाचा आदेश लागला आणि अडीच महिने गेले, पण आले. मी चहा पिऊन अकरा वाजता रिक्षा केली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब भाऊजी अजून करतात. मी त्यांना करू देत नाही.

या अ‍ॅपला त्या दोन दिवसांत भाऊजींना वाचवता आलं असतं का? नसतं. त्यांच्या फोनमध्ये ते होतं. मीच टाकून दिलं होतं.

असो. बाकीच्या सोयी पटकन. चोरीला गेलेला फोन पोलिसांत तक्रार देऊन यातून ब्लॉक करता येतो. मला वेळ आली नाही, येऊ नये. जुना फोन घेताना मात्र जरूर वापरा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या सुनीताला मुलाच्या अभ्यासासाठी फोन हवा होता. मी तिच्याबरोबर जेल रोडला गेले. दुकानदारानं छान चमकवलेला फोन पुढे केला. मी *#06# दाबलं, पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, आला, तो अ‍ॅपमध्ये घातला, आणि आलेला निकाल त्याला दाखवला. ब्लॅकलिस्टेड. त्यानं एक अक्षर न बोलता फोन आत ठेवला आणि दुसरा काढला. तो स्वच्छ निघाला, वर दोनशे रुपये कमीही केले. कचोरी मी खिलवली.

जे अ‍ॅपमध्ये नाही आणि मला रोज उपयोगी पडतं ते असं. मे 2025 पासून कंपन्यांच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी डॅश देऊन एक अक्षर येतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. "आज रात साडेनौ बजे बिजली काट दी जाएगी" असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला तर तो तिथेच सोडून द्या. बँकांच्या सेवेचे खरे कॉल 1600 नं सुरू होणाऱ्या नंबरांवरून, तर जाहिरातीचे 140 वरून करायचे असा नियम आहे. बँकांच्या वेबसाइटच्या पत्त्याचा शेवट आता डॉट बँक डॉट इन असा असतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. आणि लग्नपत्रिका! सांगलीच्या मावसभावाच्या नंबरवरून मला "शुभविवाह" नावाची फाइल आली, शेवटी एपीके. पत्रिका म्हणजे फोटो नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे आख्खं अ‍ॅप, ते फोनमध्ये शिरलं की तुमचे ओटीपी वाचतं. मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर दिलं नाही, साधा फोन लावला. तो म्हणाला, "अगं, घरात लग्नच नाहीये, माझा फोन सकाळपासून वेड्यासारखा करतोय." इंटरनेट बंद करून त्याला दुकानात पाठवला.

एक्स्चेंजमध्ये माणूस कॉल बुक करून फोन ठेवायचा आणि आम्ही वहीतल्या नंबरावर त्याला उलट लावायचो. भाऊजींना मी तेवढं एकच शिकवलं. कुणाचाही फोन असो, ठेवायचा, आणि पासबुकावर किंवा आपल्या वहीत आहे त्या नंबरावर आपण लावायचा.

ते जरा जास्तच शिकलेत. परवा बँकेतून खरोखरच 1600 च्या नंबरावरून फोन आला, लॉकरच्या कागदांसंबंधी. भाऊजी म्हणाले, "तीन मिनिटं झाली," आणि दहाव्या सेकंदाला फोन ठेवला. मग पासबुक काढून शाखेत फोन लावला. उचलला तो त्याच काउंटरवरच्या मुलीनं. म्हणाली, "काका, तो आमचाच होता. पण ठेवलात ते बरं केलंत, आता या तुम्ही, कागद घेऊन."

गेले. येताना जिलबी घेऊन माझ्याकडे आले.